मामाचा नाइलाज

माझा कॅमेरा सेकंदाला वीस फोटो काढतो. समोर माणूस आहे, कुत्रं आहे की पक्षी, हे त्याला कळतं. माणूस असला तर तो आधी चेहरा शोधतो, मग डोळा शोधतो, आणि एकदा डोळा सापडला की माणूस चालो, वळो, पळो, त्या डोळ्यावरचा फोकस सोडत नाही. उधारी वसूल करणारा वाणीसुद्धा इतका पिच्छा पुरवत नाही. या गुणांपायी मी त्याचे चोवीस हप्ते भरले आणि पंचविसाव्या महिन्यात त्याच्या तोंडावर सत्तेचाळीस वर्षांची एक रशियन लेन्स बसवली. तेव्हापासून त्याला हा पिच्छा पुरवता येत नाही.

"अहो, म्हणजे हे कसं झालं," बायको म्हणाली, "फुल्ली ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन घ्यायचं आणि त्यात उभं राहून पायानं कपडे तुडवायचे."

"त्यातही एक मजा असते," मी म्हणालो.

"मग उद्यापासून तुडवा."

तिला उपमा सुचतात, मला वेळेवर उत्तरं सुचत नाहीत. आमचा संसार या समतोलावर टिकून आहे.

लेन्स मामांची. मामा वाईला असतात. शाळेत चित्रकला शिकवायचे आणि लग्नसराईत फोटो काढायचे. गेल्या वर्षी घराला रंग द्यायचा म्हणून त्यांनी माळा रिकामा केला, त्यात तीन समया, एक स्टोव्ह आणि एक झेनिट-ई कॅमेरा निघाला. झेनिट म्हणजे रशियन पोलाद. लेन्ससकट जवळजवळ किलोभर वजन. बॅटरी नाही, कारण बॅटरी लागेल असं त्यात काहीच नाही. मामा म्हणाले, "ने. नाहीतरी भंगारवाला वजनावर घेणार होता. वजन बरं भरलं असतं."

कॅमेऱ्याचा पडदा फाटला होता, पण लेन्स मात्र मामांनी वेगळी काढून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली होती आणि तळाला भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी होती. हे महत्त्वाचं. वाईच्या पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते. कोळ्यानं जाळं विणावं तशी ती काचेवर पसरते, आणि जास्त दिवस राहिली तर पुसूनही तिचे डाग जात नाहीत. मामांची काच चाळीसपेक्षा जास्त पावसाळे त्या तांदळावर निभावून गेली होती. काही माणसं स्वतःची तब्येतही इतकी जपत नाहीत.

लेन्सच्या कपाळावर रशियन अक्षरांत 'हेलिओस-४४-२' असं लिहिलेलं आहे. शेजारी नंबर. या लेन्सच्या नंबरातले पहिले दोन आकडे बहुतेक वेळा जन्मसाल सांगतात. हिचे ७ आणि ८, म्हणजे १९७८. मात्र घराणं जर्मन. झाइस कंपनीच्या पॉल रुडॉल्फनं १८९६ मध्ये प्लॅनार नावाची रचना केली, त्याच कंपनीतल्या विली मेर्टेनं पुढं १९२७ मध्ये तिच्यातून बायोटार काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर झाइसचं येना शहर रशियनांच्या हाती आलं आणि ही रचना मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात नांदायला गेली. पहिले काही दिवस तिला 'बायोटार क्रास्नोगोर्स्क' म्हणत, म्हणजे माहेरचं नाव आणि सासरचं गाव. मग कोणीतरी तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं: हेलिओस. हेलिओस म्हणजे ग्रीकांचा सूर्यदेव. या सूर्यदेवाला समोरून सूर्य बिलकूल सहन होत नाही. जरा ऊन तोंडावर आलं की सगळा फोटो ताकासारखा पांढरा होतो. नाव सोनुबाई म्हणतात ते हेच.

आता ही ४७ वर्षांची सासुरवाशीण आजच्या कॅमेऱ्यावर बसते कशी, हा प्रश्न तुम्हाला पडला नसेल, तरी मी सांगणारच. या छंदातला माणूस न विचारता सांगतो, हे त्याचं पहिलं लक्षण.

जुन्या कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा असे. तो वरखाली हलायचा, म्हणून त्याला जागा सोडावी लागे. हेलिओसची कॅमेऱ्यावर टेकणारी कड फिल्मपासून बरोबर ४५.४६ मिलिमीटरवर राहिली तरच दूरचा डोंगर नीट दिसतो. मिररलेस कॅमेऱ्यातून आरसाच काढून टाकला. कॅमेरा चपटा झाला. माझ्या कॅमेऱ्यात हे अंतर १८ मिलिमीटर आहे. ४५.४६ मधून १८ वजा केले की उरतात २७.४६. तेवढ्या लांबीची एक पोकळ नळी मिळते, तिला अ‍ॅडॉप्टर म्हणतात. एका बाजूला आटे, दुसऱ्या बाजूला खाचा, मध्ये हवा. या हवेला मी बाराशे रुपये दिले.

पण हवेची किंमत, ज्याला ती मिळत नव्हती, त्याला विचारा. निकॉनच्या जुन्या आरसेवाल्या कॅमेऱ्यांचं अंतर मुळातच ४६.५ मिलिमीटर. त्यांच्यावर ही लेन्स लावून डोंगर स्पष्ट दिसायचा तर नळीची लांबी उणे एक मिलिमीटर हवी. अशी नळी अजून कोणत्याही लोहाराला जमलेली नाही. २००८ मध्ये पॅनासॉनिकनं पहिला मिररलेस कॅमेरा आणला, २०१३ मध्ये सोनीनं पूर्ण फिल्मच्या आकाराचा सेन्सर असलेला आणला, आणि जगभरच्या माळ्यांवर एकच खळबळ उडाली. मेलेल्या लेन्स डबे उघडून बाहेर आल्या.

लेन्स बसवली, बटण दाबलं. कॅमेरा म्हणाला, 'लेन्स जोडलेली नाही.'

पाव किलोची काच त्याच्या नाकावर बसली होती, त्याला दिसत नव्हती. कारण आजची लेन्स कॅमेऱ्याला विजेच्या टाचण्यांमधून आपलं नाव, गाव, छिद्र, अंतर सगळं कळवते. हिच्याकडं आधार नाही, पॅन नाही, केवायसी झालेलं नाही. सरकारी खिडकीवर समोर उभ्या असलेल्या पेन्शनराला 'हयातीचा दाखला आणा' म्हणतात, तसा तो प्रकार. शेवटी मेनूच्या सहाव्या पानावर तळाला एक ओळ सापडली: 'लेन्स नसताना फोटो काढू द्यावा का?' मी 'हो' म्हणालो. अजूनही कॅमेऱ्याच्या दप्तरी माझे सगळे फोटो लेन्सशिवाय काढलेले आहेत. छिद्राच्या रकान्यात आडवी रेघ असते. हात हलला तर सावरण्यासाठी त्याला लेन्स किती मिलिमीटरची हे तरी कळावं लागतं, ते मी दर वेळी हातानं भरतो: ५८. परीक्षेच्या हॉलमध्ये लहान भावाला उत्तर सांगावं तसं.

पुढचं काम माणसाचं. या लेन्सवर छिद्राची दोन कडी आहेत. एका कड्यावर छिद्र किती लहान करायचं ते ठरवायचं, दुसऱ्यानं ते उघडायचं किंवा मिटायचं. आधी उघडून फोकस करायचा, मग मिटून फोटो घ्यायचा. तिसरं कडं फोकसचं. त्याच्यातलं ग्रीस १९७८ मधलं असल्यानं ते हिवाळ्यात घट्ट होतं आणि मे महिन्यात सैल सुटतं. कॅमेरा एक उपकार करतो: जे स्पष्ट आहे त्याच्या कडेनं लाल ठिपके दाखवतो. त्यामुळं आमच्या सोसायटीतली सगळी माणसं मला अंगावर लाल मुंग्या चढल्यासारखी दिसतात. मुंग्या डोळ्यावर आल्या की बटण दाबायचं. पण छिद्र पूर्ण उघडं असेल तर एक मीटरवरच्या माणसाची जेमतेम साडेतीन सेंटिमीटर जाडी स्पष्ट येते. डोळा धरावा तर नाकाचा शेंडा जातो. त्या माणसानं श्वास घेतला की मुंग्या कानावर. माझ्याकडं आमच्या वॉचमनच्या डाव्या कानाचे जितके उत्तम फोटो आहेत तितके कान-नाक-घसा तज्ज्ञाकडंही नसतील.

ही सगळी खटपट कशासाठी? तर बोक्यांसाठी.

फोटोत मागचा धूसर भाग असतो, त्या धूसरपणाच्या जातीला या लोकांत 'बोके' म्हणतात. शब्द जपानी आहे. "याचे बोके बघा," "हिचे बोके मऊ आहेत," "त्या जर्मन लेन्सचे बोके साबणाच्या फुग्यांसारखे आहेत," अशी वाक्यं मी घरी फोनवर बोलायला लागलो, तेव्हा बायकोनं दुधाचं पातेलं फ्रिजमध्ये हलवलं. हेलिओसचे बोके जगप्रसिद्ध. पाठीमागं झाडाची पानं असली की ती माणसाभोवती भोवऱ्यासारखी गरगर फिरतात. आणि गंमत अशी की मधले ठिपके गोल येतात, पण कडेचे ठिपके मांजराच्या डोळ्यासारखे चपटे येतात. त्यांना म्हणतातही मांजराचे डोळे. म्हणजे आपला शब्द जपान्यांपेक्षा नेमका निघाला.

मोठ्या उत्साहानं मी हा भोवरा मामांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो डोळ्यांजवळ नेला.

"अरे, हा तर दोष आहे तिचा."

"मामा, लोक यासाठी पैसे मोजतात."

"आम्ही हा झाकायला छिद्र आठवर ठेवायचो. भोवरा दिसला की मुलाचा बाप म्हणायचा, फोटो हलला, पैसे कमी करा." मग थोडं थांबून, "काय म्हणालास, बोके? म्हणजे काय?"

"जपानीत धूसर. म्हातारपणी डोक्यात धुकं भरतं ना, त्यालाही हाच शब्द आहे."

"म्हातारचळ," मामा म्हणाले, आणि फोटोऐवजी माझ्याकडं पाहिलं.

मी ब्रह्मास्त्र काढलं. २०२२ चा 'द बॅटमॅन' हा सिनेमा. त्याचा छायालेखक ग्रेग फ्रेझर यानं त्यात हीच लेन्स, हेलिओस-४४-२, वापरली आहे. मामांनी शांतपणे ऐकलं. "त्या माणसाला रात्री-अपरात्री हिंडायची सवय आहे," ते म्हणाले. "आमचं वऱ्हाड उजेडात जेवायला बसायचं."

एका लेन्सवर कोणी थांबत नाही. या रोगाला इंग्रजी आद्याक्षरांनी 'गॅस' असं नाव आहे, आणि ओव्यानं तो जात नाही हे आमच्या घरी सिद्ध झालं आहे. बुधवारी आणि रविवारी पुण्यात मंगळवार पेठेकडं जुना बाजार भरतो. पान्हे, पितळी कुलपं, घड्याळांची पोटं, पायताणं आणि मध्येच एखाद्या ताडपत्रीवर कॅमेरा. मी तिथं जाऊ लागलो. तिथली भाषा शिकण्यासारखी आहे. वस्तू निरुपयोगी असली तर ती 'जुनी', गिऱ्हाईक थांबलं की 'अँटिक', आणि गिऱ्हाइकानं काच उजेडासमोर धरून एक डोळा मिटला की 'विंटेज'. दर पायरीला भाव दुप्पट. मी पहिल्याच दिवशी डोळा मिटला.

"यात बुरशी आहे," मी म्हणालो.

"साहेब, धूळ आहे ती."

"धुळीला फांद्या कशा फुटल्या?"

"विंटेज धूळ आहे."

तिथून मी एक ताकुमार आणली. ताकुमार म्हणजे पेंटॅक्सची जपानी लेन्स, ५० मिलिमीटर, छिद्र १.४. कडं फिरवावं तर साजूक तुपातून बोट फिरतंय असं वाटतं. फक्त काच चहासारखी पिवळी होती. याचं कारण ऐकून बायको दोन पावलं मागं सरली: हिच्या एका काचेत थोरियम आहे. त्या काळी काचेचा गुण वाढवायला ते घालत. किरणोत्सर्ग अगदी किरकोळ, फोटो काढणाऱ्याला काही होत नाही, पण वर्षानुवर्षं काच आपल्याच किरणांनी पिवळी पडत जाते. उपाय एकच: ऊन. उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळेपणा उतरतो.

एप्रिल महिना होता. गच्चीवर आईच्या कुरडया वाळत होत्या. त्यांच्या शेजारी मी ताकुमार ठेवली. कुरडया चार दिवसांत वाळल्या, काच पिवळीच. आईचे पापड झाले, सांडगे झाले, आणि सांडग्यांच्या वेळी काचेचा रंग उतरू लागला. अधूनमधून आई वरून खाली ओरडून विचारायची, "तुझं ते परतू का रे?" सगळं सुरळीत चाललं असतं, पण एका दुपारी लेन्स जरा कलंडली आणि आईच्या नव्या प्लॅस्टिकच्या कागदाला शेंगदाण्याएवढं भोक पडलं. भिंग म्हणजे शेवटी भिंगच. त्या भोकाशेजारचे सांडगे अणुशक्तीवर वाळलेले आहेत अशी अफवा बायकोनं पसरवली, आणि त्या वर्षी ते कोणी मागून नेले नाहीत.

आता मुख्य गोष्ट. मामांना पणतू झाला.

बारसं वाईला. पणतवंड झालं की पणजोबांच्या अंगावर सोन्याची फुलं उधळतात. हा क्षण माणसाच्या आयुष्यात आला तर एकदाच येतो, आणि त्यात मामांचा. मी बायकोला म्हणालो, मामांच्याच लेन्सनं मामांचा फोटो, याहून औचित्य कुठलं? ती म्हणाली, "दुसरी लेन्सही बरोबर घ्या." मी घेतली, पण बॅगेत ठेवली. अभिमानाची एक वेगळी बॅग असते, ती माझ्या खांद्यावर होती.

मामा केशरी फेटा बांधून पाटावर बसले. मांडीवर पणतू. मागं झेंडूची तोरणं, म्हणजे बोक्यांना रानच मोकळं. मी एका मीटरवर गुडघा टेकला, छिद्र पूर्ण उघडलं, मुंग्या मामांच्या डोळ्यावर आणल्या आणि श्वास रोखला. माझ्याबरोबर मामांनीही रोखायला हवा होता. फुलं उधळली गेली, बाळ रडलं, मामा पुढं वाकले, कोणीतरी "अगं, बाळाच्या तोंडात फूल जाईल" म्हणून हात घातला, आणि तीन सेकंदांत सगळं संपलं.

माझे अकरा फोटो आले. पाचांत पाटाची नक्षी स्पष्ट, इतकी की सुताराला दाखवावी. तिनांत मध्ये आलेल्या हातातली बांगडी. दोनांत काहीच नाही. आणि एका फोटोत हवेतलं एक सोन्याचं फूल, एकच, पाकळीवरच्या रेघांसह कोरून काढल्यासारखं. त्याच्या मागं केशरी रंगाचा एक प्रचंड भोवरा.

मामांच्या नातवानं, जेवणाच्या पंगतीची चौकशी करत करत, मोबाइलवर एका हातानं फोटो काढला होता. त्यात मामा, बाळ, फुलं, तोरणं, मी आणि माझा उघडा जबडा असं सगळं स्पष्ट होतं.

जेवणं झाल्यावर मामांनी मला शेजारी बसवलं. "तुझी ती स्वतःच बघणारी लेन्स आणलीस का? लाव बघू."

लावली. मामांनी कॅमेरा हातात घेतला, तो चित्रकलेच्या मास्तरांनी नवा ब्रश घ्यावा तसा, आधी तोल बघून. बाळाकडं रोखला. पडद्यावर बाळाच्या डोळ्याभोवती छोटी चौकट आली. बाळानं मान फिरवली, चौकट डोळ्याबरोबर फिरली. मामांनी बटण दाबलं, परत दाबलं, आणि मग दाबतच राहिले. तासाभरात तीनशे चाळीस फोटो. एकाचाही फोकस गेला नव्हता.

"अरे," ते म्हणाले, "एका रोलवर छत्तीस फोटो मिळायचे. एका मुहूर्ताला मी चारपेक्षा जास्त खर्च करत नसे. हार घालायची वेळ आली की डाव्या हातानं कडं फिरवायचो आणि मनात गणपतीचं नाव घ्यायचो. चुकलं तर दुसऱ्यांदा लग्न थोडंच लावणार? आठ दिवसांनी रोल धुवून येईपर्यंत माझ्या घशाखाली घास नीट उतरत नसे. तुला त्या कड्यात मजा येते, कारण तुझं चुकलं तरी चालतं."

यावर उत्तर नव्हतं. परत येताना सुरूर फाट्यापाशी चहाला थांबलो. शेजारी पाटी होती, 'चुलीवरची मिसळ'. आमची आजी चुलीवर स्वयंपाक करायची, कारण तिच्याकडं दुसरं काही नव्हतं. डोळे चोळत करायची, आणि गॅस आला त्या दिवशी तिनं सिलिंडरला हळदकुंकू वाहिलं. आज त्याच धुराचे वीस रुपये जास्त घेतात आणि लोक रांगेत उभे राहतात. जातं दिवाणखान्यात गेलं, बैलगाडीत बसायला तिकीट लागतं. मागच्या पिढीचा नाइलाज पुढच्या पिढीचा शौक होतो. मध्ये फक्त थोडं अंतर लागतं. ते फार कमी पडलं तर धूर डोळ्यांत जातो. माझ्या बाबतीत ते अंतर किती, हे मला दोन दशांश स्थळांपर्यंत माहीत आहे.

आता स्वतः बघणारी लेन्स मामांकडं असते. तिच्यासाठी त्यांनी एक जुनी बॉडीही मिळवली आहे आणि पणतवाचे रोज साठ-सत्तर फोटो मला पाठवतात. बिस्किटाचा डबा आणि तांदळाची पुरचुंडी माझ्याकडं आली. वाईच्या घरात दर्शनी भिंतीवर नातवाचा मोबाइलवाला फोटो फ्रेम करून लावला आहे. आमच्या घरी सोन्याच्या फुलाचा.

मामा पुण्याला आले की त्याच्यासमोर उभे राहतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि दर वेळी तेच विचारतात.

"फूल झकास आलंय. मागं तो केशरी भोवरा कोण रे?"

"तुम्हीच, मामा."